काचेवरचे नाव आणि काचेमागचा हात



कामगार चळवळीतला कार्यकर्ता व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई, कंत्राटी पद्धत आणि बोनस यांवर बोलणार, असे धरूनच आपण आला असाल. चालकांनीही मला तसेच सुचविले होते. परंतु वर्षाचे अकरा महिने मी तेच बोलत असतो. वसंत ऋतूत, भुसावळच्या या उन्हाळ्यात, संध्याकाळी थंड हवेला आलेल्या माणसांना जरा रंगीत विषय द्यावा असे मनात आले. म्हणून आज मी जुन्या काचेविषयी बोलणार आहे. मोराच्या पिसासारखी झळाळी असलेली, हातात फिरविली की निळ्याची सोनेरी आणि सोनेरीची जांभळी होणारी जी काच असते, ती कोणत्या कारखान्याने, कोणत्या हातांनी घडविली हे कसे ओळखायचे, हा आजचा प्रश्न आहे. विषय ऐकून पुढच्या रांगेतले माझे काही सहकारी एकमेकांकडे पाहू लागले आहेत. त्यांना एवढेच सांगतो, की थोडा धीर धरा; ही वाट फिरून आपल्याच दारी येते.

मी काचविद्येचा पंडित नाही. माझी शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु एक गोष्ट मला माझ्या धंद्याने शिकविली आहे. एखादा माणूस एखाद्या कारखान्यात बारा वर्षे राबला, हे त्याच्याजवळ नेमणुकीचा कागद नसताना सिद्ध कसे करायचे, ही ती गोष्ट. जुन्या काचेचा कर्ता शोधणारे लोक जे करतात ते याहून फार वेगळे नाही, असे मला त्यांची पुस्तके वाचताना वारंवार वाटले, आणि म्हणूनच हा विषय मला आपलासा झाला.

प्रथम ही झळाळी म्हणजे काय ते पाहू. पावसाळ्यात यार्डाच्या बाजूला साचलेल्या पाण्यावर तेलाचा थेंब पडला, की त्यावर सप्तरंग पसरतात. पाण्याला रंग नाही, तेलालाही तसा रंग नाही. मुलांच्या साबणाच्या फुग्यातही तेच. केसाच्या शेकडो पटीने पातळ असा पापुद्रा असला, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग बळावतात, काही मावळतात. आणि आपण पाहण्याची दिशा बदलली की रंगही बदलतो. आमच्या काचेवर असाच पापुद्रा असतो. तो बहुधा कथलाच्या क्षाराचा असतो. भट्टीतून काढलेले भांडे लालसर तापलेले असतानाच त्यावर हा क्षार फवारला, किंवा त्याच्या वाफेत ते भांडे धरले, की पापुद्रा बसतो. कल्हईवाला पातेले तापवून जे कथील फिरवीत असे, त्याचाच हा भाऊबंद.

ही युक्ती माणूस निसर्गापासून शिकला. काच जमिनीत शेकडो वर्षे गाडलेली राहिली, की मातीतला ओलावा तिच्यातला क्षार हळूहळू काढून नेतो आणि वर पापुद्र्यावर पापुद्रा उरतो. अशी काच उकरून काढली की ती चमकते. आपल्याकडे जुन्या काचेचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांनी केला, ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी माणूस. १९४५-४६ साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात डॉ. सांकलियांच्या बरोबर ते होते, आणि १९६९ साली भारतीय काचेचा इतिहास त्यांनी इंग्रजीत ग्रंथरूपाने मांडला. कोल्हापूर आणि नेवासे येथे बहमनी काळातील रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या सापडल्या. त्या कोणी घडविल्या? कोणाचेही नाव त्यांवर नाही. नावाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपात रोमन काळची अशी गाडलेली काच लोकांच्या डोळ्यांत भरली. १८७३ साली व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात लोब्मायर या पेढीने झळाळीची नवी काच मांडली. पुढे अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी याने न्यूयॉर्कजवळ कोरोना येथे भट्ट्या घातल्या आणि १८९४ साली ‘फाव्रील’ हे नाव नोंदविले. हाताने केलेले, अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून ते नाव बेतलेले होते. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, क्लोस्टरम्यूल या गावी लोट्झ कारखाना होता. त्याने १८९८ साली आपल्या लाटालाटांच्या काचेचे पेटंट घेतले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात टिफनी आणि लोट्झ, दोघांनीही सर्वोच्च पारितोषिके मिळविली. १९०४ साली कॉर्निंग गावच्या स्टुबेन कारखान्यात फ्रेडरिक कार्डर याने ‘ऑरीन’ ही सोनेरी काच काढली. ही सारी धनिकांची काच होती. १९०७ साली अमेरिकेतल्या फेन्टन बंधूंनी लोखंडी साच्यात काच दाबून तिच्यावर तोच क्षार फवारला आणि गरिबाच्या घरी चार आण्यांत ती झळाळी पोहोचविली. पुढे तीच काच जत्रांतून बक्षिसे म्हणून वाटली गेली, म्हणून तिला ‘कार्निव्हल’ काच असे नाव पडले.

आता असे एखादे भांडे आपल्यापुढे आले आहे असे समजा. त्याचा कर्ता कोण? नवशिका माणूस ताबडतोब नाव शोधतो. जाणकार नाव सर्वांत शेवटी पाहतो. याचे कारण सांगतो. काचेवर नाव कोरायला दात कोरण्याच्या यंत्रासारखे एक फिरते टोक पुरते. टिफनीच्या आद्याक्षरांनी किंमत कित्येक पटींनी वाढते, हे कळल्यावर लोट्झच्या नाव नसलेल्या सुंदर भांड्यांवर ती अक्षरे कोरणारे लोक निघाले. लोट्झचा बहुतेक माल नावाशिवायच बाहेर पडत असे, त्यामुळे लबाडांना जागा मोकळी होती. मंडळी, अंगठा कोणाचा आणि कागद कोणी लिहिला, हे पाहिल्याशिवाय कागदावर विश्वास ठेवू नये, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. काचेलाही तोच नियम.

तेव्हा पहिली पायरी ही, की भांडे उलटे करावे. तळ कधी खोटे बोलत नाही असे मी म्हणत नाही, परंतु तो कमी बोलतो आणि बरेचसे खरे बोलतो. फुंकून केलेली काच फुंकनळीवर सुरू होते. तोंड घडविण्यासाठी ती नंतर तळाशी दुसऱ्या सळईला चिकटवितात. ती सळई मोडून काढली, की तळाला एक व्रण राहतो. कोणी तो घासून गुळगुळीत वाटीसारखा करतो, कोणी तसाच खरखरीत ठेवतो. एका कारखान्यात हे काम बहुधा एकाच रीतीने होत असते, कारण तेथे शिकविणारा उस्ताद एक असतो.

दुसरी पायरी शिवणीची. लोखंडी साचा दोन, तीन किंवा चार फाळ्यांचा असतो. त्यांच्या सांध्यांची बारीक रेघ काचेवर उमटते. बोटाचे नख फिरविले की ती लागते. शिवण असेल तर ते भांडे साच्यातले. मग हाताने मोकळ्या हवेत घडविलेल्या भांड्यांच्या यादीतून ते बाद झाले. साच्यातही दोन प्रकार आहेत. काच दट्ट्याने दाबली असेल तर आतली बाजू गुळगुळीत आणि भिंत जाड असते. साच्यात फुंकली असेल तर भिंत पातळ असते, आणि बाहेरची नक्षी आतल्या बाजूने बोटांना जाणवते.

तिसरी पायरी मूळ काचेच्या रंगाची. झळाळी वरची असते. खालची काच कोणत्या रंगाची आहे ते पाहण्यासाठी, जेथे फवारा पोहोचलेला नाही त्या तळाकडच्या भागातून भांडे उजेडासमोर धरावे. कोबाल्टने ती निळी होते, मँगनीजने जांभळी. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली काही जुनी काच हिरवीगार उजळते. ती युरेनियमची खूण. परंतु येथे घाई करू नये. तो दिवा काचेत काय घातले आहे हे सांगतो, कोणी घातले हे सांगत नाही.

चौथी पायरी वजनाची, आवाजाची आणि तोंडाच्या कडेची. कडा भट्टीत पुन्हा धरून गोल केली आहे, की कापून घासली आहे? आपल्या आयाबहिणींना हे शिकवायला नको. कासाराकडे किंवा मणियाराकडे बांगड्या भरायला बसलेली बाई बांगडी बांगडीवर वाजवून, सांध्यावरून बोट फिरवून माल पारखते. हीच परीक्षा.

इतके झाल्यावर मग नाव पाहावे. त्यातही मालकाच्या नावापेक्षा देशाचे नाव अधिक उपयोगी पडते. १८९० साली अमेरिकेने जकातीचा एक कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. म्हणून ‘ऑस्ट्रिया’ असा शब्द असलेले बोहेमियातले भांडे बहुधा त्यानंतरचे, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपूर्वीचे. तोच माल ‘चेकोस्लोव्हाकिया’ या नावाने आला, तर तो १९१८ नंतरचा. कारण त्यापूर्वी त्या नावाचा देशच नव्हता. राज्ये बदलली, भट्ट्या तेथेच राहिल्या, आणि काचेच्या तळाशी इतिहासाची तारीख पडून गेली.

एवढे करूनही उत्तर प्रत्येक वेळी पक्के मिळत नाही. प्रामाणिक जाणकार म्हणून तीन प्रकारांनी बोलतो: हे अमक्याचेच, हे बहुधा अमक्याचे, आणि हे अमक्याच्या धर्तीचे. या तीन शब्दप्रयोगांत हजारो रुपयांचा फरक असतो, आणि सचोटीचाही.

आता परदेशातून घरी येऊ. आमच्या संघटनेतील एका कामगाराच्या आईकडे सहा पेले होते. झेंडूच्या फुलासारखा रंग, वर मोरपिशी झळाळी, अंगावर द्राक्षांची वेल. लग्नाच्या रुखवतात आलेले, वर्षातून एकदा दसऱ्याला फडताळातून बाहेर निघणारे. जुन्या वस्तू घेणारा एक गृहस्थ दारावर आला आणि ही बेल्जियमची काच आहे, असे म्हणून बऱ्यापैकी भाव सांगून गेला. आपल्याकडे चांगल्या काचेला बेल्जियमची म्हणण्याची रीतच आहे. आरसा बेल्जियमचा, झुंबर बेल्जियमचे. त्या मुलाने मला बोलावले. आम्ही पेला उलटा केला. भिंत पातळ, नक्षी आतून बोटाला लागणारी, म्हणजे साच्यात फुंकलेला. कडा कापून घासलेली, किंचित वाकडी. काचेत दोन-चार बुडबुडे. सहा पेल्यांतला एकही दुसऱ्यासारखा तंतोतंत नाही. आणि तळाशी, साच्यातूनच उठलेली, रोमन लिपीतील चार अक्षरे: ‘जैन’.

ती काच फिरोजाबादची होती. बांगड्यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या त्या गावात जैन ग्लास वर्क्स हा कारखाना होता आणि विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत त्याने ही झळाळीची काच काढली. पेले, सुरया, मासळीच्या आकाराच्या फुलदाण्या, हत्तीच्या फुलदाण्या, आणि माणसाच्या हाताच्या पंजाच्या आकाराच्या फुलदाण्याही तेथे झाल्या. परदेशात ही भांडी कार्निव्हल काच म्हणून गोळा करणारे लोक आहेत. त्यांच्या हाती ती पडू लागली तेव्हा तळाच्या अक्षरांवरून आणि बाकीच्या खुणांवरून त्यांनी हिंदुस्थानच्या काचेचा माग काढला. आम्ही मात्र ती बेल्जियमची समजत होतो. त्या माउलीने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे आपल्याच माणसांनी केलेले, मग विकायचे कशाला?” पेले पुन्हा फडताळात गेले. बेल्जियमचे म्हणून जे विकायला निघाले होते, ते आपले म्हणून घरात राहिले. कर्ता ओळखल्याने वस्तूची किंमत नेहमी बाजारातच वाढते असे नाही.

महाराष्ट्रातही काचेची परंपरा आहे, आणि ती फार मानाची आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, एवढीच साधी कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिका येथे काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे मुख्य होते. तो नुसता कारखाना नव्हता, ती शाळाही होती. तेथे शिकलेले हात देशातल्या ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर गेले. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानात कारखाना काढला, त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली आणि ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांत पोहोचला. खानदेशातल्या कित्येक घरांत त्याच्या उजेडात अभ्यास झाले असतील.

तळेगावची काच मोरपिशी नव्हती, साधी उपयोगाची होती. पण आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला तिचा फार मोह पडतो. तिचा कर्ता कोण म्हणायचा? ज्यांनी पैसा पैसा दिला ते? ज्यांनी विद्या आणली ते? की ज्यांनी चौदाशे अंशांच्या भट्टीसमोर उभे राहून नळीत फुंकर घातली ते?

येथे मला नावाची जरा झडती घ्यायची आहे. आपल्या भुसावळात जुन्या रेल्वे दिव्यांवर, भांड्यांवर ‘जी. आय. पी. आर.’ ही अक्षरे पाहिलेली माणसे अजून आहेत. १९५१ साली मध्य रेल्वे झाली तरी ती अक्षरे कित्येक वर्षे टिकून होती. ती अक्षरे काय सांगतात? वस्तू कोणाच्या मालकीची, एवढेच. ‘प्रभाकर’ हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव. मुलांनी वडिलांचे नाव उजेडाला दिले, ही गोष्ट सुंदरच आहे. पण कंदिलाची काच फुंकणाऱ्याचा पत्ता त्यात नाही. लोट्झ कारखान्याचे पूर्ण नाव तर मोठे विलक्षण होते. ‘योहान लोट्झची विधवा’, असा त्याचा सरळ अर्थ. पती वारल्यानंतर तिनेच तो कारखाना चालविला आणि १८७९ साली नातवाच्या, माक्स फॉन श्पाउनच्या, हाती दिला. तिचे नाव सुझाना. पाटीवर पतीचे नाव आले, तिचे वैधव्य आले, ती आली नाही.

आता हातांकडे पाहू. टिफनीच्या कारखान्यात काचेचे मिश्रण करणारा मार्टिन बाख आणि त्याचा सहकारी थॉमस जॉन्सन यांनी १९०१ साली ब्रुकलिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि आपल्या काचेला एका रंगीत पक्ष्याचे ‘क्वेझल’ हे नाव दिले. तीच झळाळी, तेच पिसांचे नक्षीकाम. बाखचा मुलगा पुढे १९२४च्या सुमारास न्यू जर्सीत ड्युरांड यांच्या कारखान्यात गेला आणि तेथे तशीच काच होऊ लागली. म्हणजे तळाला तीन नावे, पण विद्या एकाच भट्टीतली. १९१३ साली टिफनीने कार्डरच्या कारखान्यावर नक्कल केल्याचा दावा लावला आणि पुढे तो सोडून दिला. मालक नावावर हक्क सांगू शकतो. कामगाराच्या बोटांत मुरलेल्या कसबावर कोर्टाचा शिक्का मारणे अवघड असते. म्हणूनच या तिन्ही कारखान्यांची काच ओळखताना जाणकारांना इतकी मेहनत पडते. ते मालक ओळखू पाहतात, आणि काच कारागिराची ओळख सांगत राहते.

शिवाय काचेवर एकटा माणूस कधी काम करीत नाही. उस्ताद घडवितो, दुसरा काच गोळा करून आणतो, तिसरा साचा उघडतो-मिटतो, पोर तयार भांडे थंड करण्याच्या भट्टीकडे नेते. फिरोजाबादच्या बांगडीची दोन टोके ज्योतीवर जोडण्याचे ‘जुडाई’चे काम तर घराघरांत चालते, आणि त्यात बायकांचे डोळे जातात. पाचांपैकी एकाचा हात चुकला तर भांडे फुटते. तळावर मात्र नाव एकच.

येथे मला माझ्याच चळवळीची एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. टिफनीचे काचेचे तुकडे जोडून केलेले दिवे जगभर गाजले. त्यांतही झळाळीची काच वापरीत. जवळजवळ शंभर वर्षे ते सारे टिफनीच्या कल्पनेतून आले असे लोक मानीत. मग त्या कारखान्याच्या स्त्री-विभागाची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल हिने आपल्या घरी लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती आली, आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर प्रदर्शन झाले. १९०० साली पॅरिसला पदक मिळविणारा चतुराचा, म्हणजे आपण ज्याला हेलिकॉप्टर किडा म्हणतो त्या कीटकाचा, दिवा तिच्या कल्पनेचा होता. काचेचे हजारो तुकडे निवडणाऱ्या आणि कापणाऱ्या मुली तिच्या हाताखाली होत्या. आणि १९०३ साली या मुलींचे काम बंद पाडावे म्हणून पुढे कोण सरसावले? पुरुष काचकामगारांची संघटना. स्त्रियांना ती आपल्यात घेत नव्हती आणि त्यांनी हे काम करू नये असाही तिचा आग्रह होता. अखेर तडजोड झाली. स्त्री-विभागात सत्तावीसपेक्षा जास्त जणी असू नयेत असे ठरले. म्हणजे या मुलींची नावे पुसण्यात मालकाचा हात होता, तसा आपल्या भावंडांचाही होता. ही गोष्ट आमच्या अभ्यासवर्गात मी मुद्दाम सांगतो. कामगाराचे नाव मालकाने लपविले म्हणून ओरडणाऱ्याने, आपल्या शेजारी राबणाऱ्या बाईचे नाव आपण हजेरीवर चढविले आहे का, हेही पाहिले पाहिजे.

पत्रांवरून क्लाराचा पत्ता लागला, तसा लोट्झच्या काचेचा पत्ता कागदांवरून लागला. त्या कारखान्यात प्रत्येक भांड्याच्या आकाराचा कागदी नमुना कापून त्यावर क्रमांक घालून ठेवीत. कारखाना गेला, पण त्या कागदांतले पुष्कळ उरले. आज नाव नसलेले भांडे त्या नमुन्यांशी ताडून पाहतात आणि क्रमांकासकट सांगतात, की हे अमक्या काळातले. भट्टी विझली, माणसे गेली. कोणा कारकुनाने बांधून ठेवलेल्या पुडक्याने साक्ष दिली.

आपल्या खानदेशाला हे सांगायला नको. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ साली देह ठेवला. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी काढले, ते गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची आणि दप्तरांतली वाळवी लागलेली कागदे गोळा करून. पण ते दप्तर सरदारांचे, देशमुखांचे, कुलकर्ण्यांचे होते. कारागिरांचे आणि कामगारांचे दप्तर कोण शोधणार?

मी एक अनुभव सांगतो. आमच्या भागातला एक कारखाना, नाव घेत नाही, बंद पडला. शंभराहून अधिक माणसे घरी बसली. ग्रॅच्युइटीचा हिशेब प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या मजुरीचा. तेव्हा वर्षे मोजणे आले. हजेरीच्या वह्या मागितल्या, तर त्या रद्दीत गेल्याचे उत्तर मिळाले. मग आम्ही घरोघर गेलो. कोणाकडे फाटकाचा पास निघाला, कोणाकडे कँटीनची कुपने, कोणाच्या लग्नपत्रिकेसोबत ठेवलेली रजेची चिठ्ठी. एकाने दिवाळीत मिळालेला स्टीलचा डबा आणला. त्यावर कारखान्याचे नाव आणि साल कोरलेले होते. एका म्हाताऱ्या फिटरने आपण घडविलेला सुटा भाग पुढे ठेवला आणि त्यावरच्या कानशीच्या खुणा शेजाऱ्याने शपथेवर ओळखल्या. एकेक पुरावा लंगडा होता. सारे मिळून उभे राहिले. पुष्कळांची वर्षे मान्य झाली. काहींची झाली नाहीत, कारण त्यांच्याकडे काहीच उरले नव्हते. त्यांचे राबणे खरे होते, पण त्याची खूण कोठे नव्हती.

तळ, शिवण, रंग, कडा आणि शेवटी नाव, असे जे मी मघा सांगितले, ते हेच. मालाचा कर्ता ठरविणे आणि माणसाची नोकरी ठरविणे, या दोन्ही ठिकाणी नुसत्या शिक्क्यावर विसंबणारा फसतो. कामातल्या खुणा जमविणारा सत्याच्या जवळ जातो. फरक इतकाच, की काचेच्या बाबतीत फसलेल्याचे पैसे जातात आणि माणसाच्या बाबतीत त्याचे म्हातारपण जाते.

श्रोतेहो, वेळ होत आली. आपण घरी जाल तेव्हा आपल्या फडताळातली जुनी काच एकदा उलटी करून पाहा. तळाला काही अक्षरे असतील तर लिहून ठेवा. ती वस्तू कोठून, कोणाच्या लग्नात, कोणत्या साली आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच चिठ्ठीवर लिहा. दारावर येणाऱ्याच्या तोंडचे ‘बेल्जियम’ लगेच खरे मानू नका आणि भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या चित्राशी रंग जुळला म्हणून हुरळूनही जाऊ नका. आणि त्याच फडताळात तुमच्या वडिलांचा रेल्वेचा पास असेल, आईचे विडी कारखान्यातले ओळखपत्र असेल, आजोबांच्या पगाराची चिठ्ठी असेल, तर ती दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका. एखाद्या वाचनालयाने अशा कागदांसाठी एक कपाट मोकळे करावे, अशी माझी चालकांना विनंती आहे. वाचनालयांना कपाटे कमी असतात हे मी जाणतो. कपाट आमची संघटना देईल.

पैसा फंडाला लोकांनी एकेक पैसा दिला आणि भट्टी पेटली. तसा प्रत्येक घराने एकेक कागद दिला, तर या गावात काय काय कोणी घडविले याची वही तयार होईल. तिच्यात मालकांची नावे येतील, ती यावीतच. त्यांच्या खाली जागा पुष्कळ आहे.